त्या चार मिनिटांबद्दल

"एवढे योगायोग एकाच माणसाच्या खुनाभोवती? मग चमत्कारांवर विश्वास ठेवायला तरी काय हरकत आहे?" तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य वाचून आधी हसू आलं. मग उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, त्याबद्दल माफी.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या नोव्हेंबर १९६३ मध्ये डॅलस शहरात झालेल्या खुनावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे. मी सरकारी अहवालाची वकिली करतो. ज्याच्यावर खुनाचा ठपका आहे त्या ऑस्वाल्डला महिनाभर आधी नेमकी गोळ्या झाडल्या गेल्या त्याच इमारतीत नोकरी मिळते, त्याला दोन दिवसांनी मारणारा क्लबवाला जॅक रूबी नेमक्या त्याच मिनिटाला पोलीस मुख्यालयाच्या तळघरात पोहोचतो, केनेडींच्या मोटारीच्या वाटेवर लख्ख उन्हात एक माणूस छत्री उघडून उभा राहतो, पुढे साक्षीदार पटापट मरतात. आणि मी मात्र 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' म्हणून मोकळा होतो. शिवाय लिंकन आणि केनेडी या खून झालेल्या दोन अध्यक्षांमधल्या साम्यांची ती सुप्रसिद्ध यादीही तुम्ही जोडली आहे.

आधी माझी चूक. 'कोणत्याही अधिकृत चौकशीला कट आढळला नाही' असं मी लिहिलं होतं. ते साफ चुकीचं आहे आणि तुम्ही बरोबर पकडलंत. खुनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये एकट्या ऑस्वाल्डला जबाबदार धरलं, पण १९७९ मध्ये अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने 'बहुधा कट असावा' असं म्हटलं. लेख दुरुस्त केला आहे. मात्र त्या निष्कर्षाचा मुख्य आधार होता पोलिसांच्या वायरलेसचं एक ध्वनिमुद्रण, ज्यात चौथ्या गोळीचा आवाज असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या गटाने ते तपासलं, तर ते आवाज खुनानंतर सुमारे मिनिटभराने नोंदले गेले होते असं त्यांना दिसलं. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण त्या एका फितीवर एवढा भार टाकायला माझं मन धजावत नाही.

आता नोकरी. ऑस्वाल्डची बायको ज्या बाईंकडे राहत होती, त्या ऑक्टोबरच्या मध्यावर शेजारणीकडे कॉफी प्यायला गेल्या होत्या. बोलता बोलता विषय निघाला की हिच्या नवऱ्याला काम नाही, दुसरं मूल तोंडावर आलंय. शेजारीण म्हणाली, माझा भाऊ त्या पुस्तकांच्या गोदामाच्या इमारतीत कामाला लागलाय, तिथे विचारून बघा. फोन झाला आणि १६ ऑक्टोबरला ऑस्वाल्ड कामावर रुजू झाला. केनेडींची मेजवानी डॅलसच्या ट्रेड मार्ट या इमारतीत होणार हे पक्कं झालं नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि मोटारींचा मार्ग वर्तमानपत्रांत आला १९ नोव्हेंबरला. म्हणजे ऑस्वाल्ड आधीच तिथे होता आणि मार्ग नंतर त्याच्या खिडकीखाली आला. याला कट म्हणायचं तर त्या कॉफीच्या टेबलावरच्या बायकांनाही कटात घ्यावं लागतं, आणि मेजवानीची जागा ठरवणाऱ्यांनाही. घ्या, पण मग नीट घ्या.

रूबीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी चक्रावून टाकणारी गोष्ट हीच आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर. ऑस्वाल्डला पोलीस मुख्यालयातून काउंटीच्या तुरुंगात हलवायचं होतं. पोलीसप्रमुखांनी आदल्या रात्री पत्रकारांना सांगून ठेवलं होतं की सकाळी दहापर्यंत या. दहा वाजले तेव्हा रूबी घरीच होता. दहा वाजून गेल्यावर त्याच्या क्लबमधल्या एका नर्तिकेचा फोर्ट वर्थहून फोन आला की पैसे नाहीत, पाठव. तो मोटारीत आपली लाडकी कुत्री शीबा घेऊन निघाला, मुख्यालयाजवळच्या वेस्टर्न युनियनच्या कचेरीत गेला आणि २५ डॉलरची तारेची मनिऑर्डर केली. पावतीवर वेळेचा शिक्का आहे: ११ वाजून १७ मिनिटं. ११ वाजून २१ मिनिटांनी त्याने तळघरात ऑस्वाल्डच्या पोटात गोळी घातली. मध्ये चार मिनिटं.

आणि ऑस्वाल्ड अजून तिथे का होता? कारण टपाल खात्याचे एक निरीक्षक सकाळी सहज मुख्यालयात डोकावले, त्यांना चौकशीत बसवून घेतलं गेलं आणि ते पोस्टाच्या पेटीबद्दल प्रश्न विचारत राहिले. बंदूक टपालानेच मागवलेली होती ना. ते संपलं, तर ऑस्वाल्डला कपडे बदलायचे होते. काळा स्वेटर अंगात घालून झाला आणि मग त्याला खाली आणलं.

तुम्ही म्हणता, एवढी अचूक वेळ ठरवल्याशिवाय जुळत नाही. मला उलट वाटतं. ठरवलं असतं तर माणूस पावणेदहाला येऊन उभा राहिला असता. दहाची वेळ जाहीर असताना सव्वाअकराला मनिऑर्डर करणारा मारेकरी कोणता कटवाला नेमेल? हो, तो तळघरात नेमका कसा शिरला याबद्दल १९७९ च्या समितीलाही शंका होती. कुणा पोलिसाने कानाडोळा केला असेल असं त्यांना वाटत होतं. ती शंका मी झटकून टाकत नाही. पण पोलिसाचा कानाडोळा वेगळा आणि घड्याळ लावून आखलेला बेत वेगळा.

छत्रीवाला लवकर उरकतो. तो माणूस १९७८ मध्ये समितीपुढे स्वतः आला, छत्रीही आली. केनेडींचे वडील ब्रिटनमध्ये राजदूत असताना हिटलरशी पडतं घेणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनचे पाठीराखे होते, आणि चेंबरलेनची ओळख म्हणजे काळी छत्री. त्या जुन्या गोष्टीवरून लेकाला डिवचायला हा छत्री घेऊन उभा. असला वेडगळ खुलासा रचून सांगायची हिंमत कुणाला होणार नाही, म्हणून मला तो पटतो. (हा पुरावा नव्हे, माझा स्वभाव आहे.)

मेलेले साक्षीदार. 'तीन वर्षांत १८ साक्षीदार मरण्याची शक्यता एकावर सतरा शून्यं इतक्यांत एक' हा आकडा तुम्ही दिला आहे. तो लंडनच्या 'संडे टाइम्स'ने १९६७ मध्ये छापला होता. समितीने पुढे विचारणा केल्यावर त्याच वृत्तपत्राने चूक कबूल केली. विमागणितज्ज्ञाला विचारलेला प्रश्नच भलता होता: देशाच्या सगळ्या लोकसंख्येतून अमुक नावाचीच माणसं इतक्या काळात मरतील का? विचारायला हवं होतं ते असं, की आयोगाच्या सूचीतल्या सुमारे अडीच हजार माणसांतून कुणीही एवढेजण मरतील का? अडीच हजारांत म्हातारे होते, दारुडे होते, पोलीस होते, गुंड होते. प्रश्न बदलला की शून्यं गळून पडतात. त्या वृत्तपत्राची कबुली मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

आता तुमच्या बाजूने. 'पाणी कुठेतरी मुरतंय' असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ते मुरतच होतं. एफबीआयच्या डॅलसमधल्या एका अधिकाऱ्यासाठी खुनाच्या काही दिवस आधी ऑस्वाल्डने स्वतः कचेरीत चिठ्ठी नेऊन दिली होती. तो मेल्यावर ती फाडून संडासात सोडून दिली गेली आणि १९७५ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता. सीआयए क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारायच्या खटपटीत होती. केनेडींना गोळी लागली त्याच दिवशी पॅरिसमध्ये सीआयएचा माणूस एका क्यूबन अधिकाऱ्याच्या हाती विषाच्या सुईचं पेन देत होता. वॉरन आयोगाला यातलं काही सांगितलं नाही, आणि आयोगाचे एक सदस्य ॲलन डलेस तर सीआयएचे माजी प्रमुख. एवढी लपवालपवी उघड झाल्यावर लोकांनी अहवालावर विश्वास का ठेवावा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की झाकायला त्यांच्याकडे स्वतःचा गलथानपणा आणि स्वतःची वेगळी पापं भरपूर होती. चोराच्या मनात चांदणं होतं खरं, पण चोरी दुसरी होती.

लिंकनची यादी. लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी होतं ही थाप आहे. ते होते निकोले आणि हे. लिंकनचा मारेकरी बूथ याचा जन्म यादीत म्हटल्याप्रमाणे १८३९ चा नाही, १८३८ चा. दोन्ही अध्यक्षांनंतर जॉन्सन आडनावाचे उपाध्यक्ष गादीवर आले, हे खरं. पण गंमत बघा, लिंकनचा खून हा न्यायालयीन नोंदींसकट खराखुरा कट होता. बूथने गोळी झाडली त्याच रात्री दुसऱ्याने परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्यावर घरात शिरून सुरा चालवला. तिसऱ्याने उपाध्यक्षांना मारायचं होतं, त्याचं अवसान गळालं आणि तो दारू पीत बसला. १८६५ च्या जुलैत चौघे फासावर गेले. कट असला की तो असा दिसतो: नावं, भाड्याच्या खोल्या, आयत्या वेळी कच खाणारा एक. हे सगळं सोडून यादीवाले आडनावांतली अक्षरं मोजतात.

'कशाने मत बदलाल?' असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. दहा ते सव्वाअकराच्या दरम्यान कुणी मुख्यालयातून रूबीला 'अजून हलवलेलं नाही, ये' असं कळवलं, याचा एक कागद, एक फोननोंद दाखवा. मी हा सगळा लेख मागे घेईन. आणि मोटारीत शीबाला एकटीला का सोडून गेला, तेही तेवढं सांगा.