‘प्रतिभा असती तर लिहिलंच असतं’ म्हणे

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की मराठीत बायकांना लिहायला कधी कोणी अडवलंच नाही, मुक्ताबाई-जनाबाई ७०० वर्षांपूर्वीच लिहून गेल्या, प्रतिभा असेल तर ती बाहेर येतेच, टोपणनावं काय पुरुषही घ्यायचे, आणि आता तर सगळं समानच आहे. वाचून संताप आला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

संतांचं नाव घेताय ना, मग तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई शिऊरकरांचंही वाचा. भक्तीचा नाद लागला म्हणून नवऱ्याने मारलं, बांधून ठेवलं, आणि हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय.

प्रतिभा बाहेर येतेच? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ ला ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतच्या एका तरुण विधवेवर खटला झाला आणि त्या निमित्ताने सगळ्या बायकांनाच नावं ठेवणं चालू झालं, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. एवढी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली, आणि ताराबाईंचं नंतर दुसरं पुस्तक आलंच नाही. एवढी धारदार भाषा लिहिणारी बाई एका पुस्तकात थांबली, तिची प्रतिभा संपली म्हणून थांबली का?

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. किराणा दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला रद्दी यायची ती वाचून वाचून वाचनाची गोडी लागली, मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून स्वतःचं आणि आपल्या समाजाचं जगणं लिहायला लागल्या, पण नवऱ्याला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या, एकदोन नाही वीसेक वर्षं. ‘जिणं आमुचं’ लोकांसमोर आलं ते थेट १९८० नंतर. वही कुणाच्या हाती लागली असती, फाडली असती, तर आपल्याला कळलंही नसतं की असं काही लिहिलं गेलं होतं. अशा किती वह्या गेल्या असतील!

टोपणनावाचं बोलायचं तर कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. १९३३ ला विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं सरळ मांडलेलं, तर केवढा गदारोळ झाला, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. ती बाई म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि त्यांना आपलं खरं नाव बरीच वर्षं गुपित ठेवावं लागलं.

राहिलं समानतेचं. साहित्य संमेलनं १८७८ पासून, पहिली बाई अध्यक्ष १९६१ ला, कुसुमावती देशपांडे. पुढे दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ ला दिल्लीत ताराबाई भवाळकर. तोवरच्या ९८ संमेलनांत सहा. १९७५ च्या दुर्गाबाईंनंतर थेट १९९६ च्या शांताबाई, मध्ये एकवीस वर्षं एकही नाही. त्या सगळ्या काळात इंदिरा संत होत्या, १९८४ ला साहित्य अकादमीही मिळालं, पण अध्यक्षपद त्यांच्याकडे कधी आलंच नाही.