तिकिटाचे सहा भाव आणि गणपतीची ट्रॅव्हल्स

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा एकच वाद पेटतो. एकदा गणपतीच्या आधी, ट्रॅव्हल्सच्या भाड्यावरून. आणि एकदा मे महिन्यात, मुलांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं ठरलं की तिथल्या तिकिटावरून. मधल्या वारी एक भाव आणि शनिवार-रविवारी दुसरा, हे कशासाठी, असं मावसभाऊ विचारतो. सणासुदीला, सुट्टीला जास्त पैसे घेणं ही त्याच्या मते सरळ लूट, मग ती बसवाला करो की पार्कवाला. पुण्याचा चुलतभाऊ त्याला ऐकवतो की मागणी वाढली की भाव वाढणारच, विमानाचं तिकीट काढताना तूही हे मान्य करतोसच की. गेल्या वेळी दोघांनी मला मध्ये ओढलं: तू जपानमध्ये असतेस, तिकडे काय करतात ते सांग.

तिकडे काय करतात ते सांगते, कारण मला वाटतं दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालतायत.

मी टोकियोच्या एदोगावा भागात, निशि-कासाईला राहते. इथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही पुष्कळ. जवळच्या कासाई रिंकाई पार्क स्टेशनवरून केइयो लाइनची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन माइहामा, आणि माइहामाला उतरलं की समोर टोकियो डिस्नीलँड. रात्री तिथे आतषबाजी झाली की आमच्या बाजूच्या किनाऱ्यावरून दिसते. इतकी जवळ असलेली जागा मुलं विसरू देत नाहीत. त्यामुळे इथल्या मराठी आयांच्या गप्पांत डिस्नीच्या तारखा आणि भाव वर्षभर चालू असतात.

हे पार्क १५ एप्रिल १९८३ ला उघडलं. तेव्हा मोठ्यांचं दिवसाचं तिकीट ३,९०० येन होतं. पुढे ते वाढत गेलं, पण वर्षाच्या कुठल्याही दिवशी गेलात तरी भाव एकच. जगात इतरत्र हे आधीच बदललं होतं. अमेरिकेतल्या डिस्नीने फेब्रुवारी २०१६ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे हंगामाप्रमाणे तीन भाव केले. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडला तेव्हा ते ९५, १०५ आणि ११९ डॉलर होते. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओने २०१९ च्या जानेवारीत तोच मार्ग धरला. टोकियोचं डिस्नी चालवते ती ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. तिने मार्च २०२१ मध्ये दोन भाव केले आणि ऑक्टोबर २०२३ पासून सहा. सगळ्यात स्वस्त दिवस ७,९०० येनचा, सगळ्यात महाग १०,९०० चा.

तिकीट काढायला बसलं की काय दिसतं तेही सांगते, कारण माझ्या मते सगळा फरक तिथे आहे. महिन्याचं कॅलेंडर उघडतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या दिवसाचा भाव छापलेला. मंगळवारी ७,९००, त्याच आठवड्याच्या शनिवारी ९,९००, एप्रिल-मेच्या जोडसुट्ट्यांत १०,९००. दोन महिने आधी, रोज दुपारी दोन वाजता, पुढची एक तारीख विक्रीला निघते. तुम्ही पहिल्या मिनिटाला काढा की आदल्या रात्री, त्या तारखेचा आकडा तोच राहतो. तिकिटं संपली तर संपली, पण तुम्ही विचार करत बसलात म्हणून भाव चढत नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी चष्मा लावून अख्खा महिना बोटाने वाचला आणि म्हणाल्या, "अगं, मग बुधवारी जाऊ की, मला कुठे ऑफिस आहे." त्यांना हिशोब समजला, पटला, आणि आपण फसवले गेलो असं एकदाही वाटलं नाही.

चौघांच्या घराचा हिशोब मांडला तर आई-बाबा आणि बारा वर्षांखालची दोन मुलं, स्वस्त दिवशी २५,२०० येन, महाग दिवशी ३३,०००. फरक ७,८०० येनचा, म्हणजे आजच्या भावाने साधारण साडेचार हजार रुपये. थोडा नाही. पण यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. २०२३ मध्ये मोठ्यांचं तिकीट वाढलं तेव्हा लहान मुलांचं जास्तीत जास्त ५,६०० वरच थांबवलं. सगळ्यात महाग दिवशीही ते त्याच्या वर जात नाही. ज्याला तारीख निवडण्याची मुभा सगळ्यात कमी, म्हणजे शाळेत जाणारं मूल, त्याच्यावर भार कमी पडावा, एवढं भान तरी त्यात आहे.

जे आवडत नाही तेही बोलायला हवं. सुरुवातीला कारण दिलं गेलं ते गर्दी सगळ्या दिवसांत सारखी वाटली जावी हे. गर्दी कमी झालीही. २०१८-१९ मध्ये डिस्नीलँड आणि शेजारचं डिस्नीसी या दोन्ही पार्कांत मिळून सव्वातीन कोटी लोक आले होते, २०२३-२४ मध्ये पावणेतीन कोटी. पण ती मुख्यतः रोज किती जणांना आत घ्यायचं ही मर्यादा कंपनीने खाली ठेवली म्हणून. भाव चढवल्याने गल्ला भरला, एवढं सरळ म्हणावं. आणि आतली गोष्ट मला जास्त खुपते. पूर्वी रांग टाळायचा फास्टपास फुकट असायचा, सगळ्यांना सारखा. तो बंद झाला. २०२२ पासून पैसे भरून रांग टाळता येते, एकेका राइडला किंवा शोला माणशी १,५०० ते २,५०० येन. फुकटातला एक पास पुढे आला, पण तो मोजक्याच राइड्सना आणि लोकांच्या पसंतीच्या नव्या राइड्सना नाही. दीड तास रांगेत उभं असलेलं मूल शेजारच्या मोकळ्या वाटेने हसत पळत जाणारं दुसरं मूल बघतं आणि आईला विचारतं, ते का आधी? तिकिटाचा भाव तारखेप्रमाणे बदलला तरी फाटकाच्या आत गेल्यावर सगळे सारखेच होते. आता तसं राहिलेलं नाही, आणि हे मला कितीही समजावलं तरी पटणार नाही.

एवढं असूनही, करमणुकीच्या तिकिटाला हंगामी भाव असायला माझी हरकत नाही. चार महिन्यांनी गेलं तरी राइड तीच असते. मावसभावाला मी हेच लिहिलं. आणि लगेच पुढे शिंकानसेनबद्दल, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनबद्दल लिहिलं, कारण त्याशिवाय जपानचं चित्र अर्धंच राहतं.

ऑगस्टच्या मध्यात इथे ओबोन असतो. पितरांचा सण. अख्खं शहर गावी निघतं, आपल्याकडे चाकरमानी गणपतीला निघतात तसंच. स्टेशनवर भेटवस्तूंच्या पिशव्या, आजीकडे निघालेली मुलं, प्लॅटफॉर्मवर मुंगीला जागा नाही. टोकियो ते शिन-ओसाका या प्रवासाला नोझोमी या शिंकानसेन गाडीचं रिझर्व्हेशनसकट तिकीट एरवी १४,७०० येनच्या आसपास. ओबोनच्या त्या कमालीच्या गर्दीत ते किती वाढतं? ४०० येन. म्हणजे तीन टक्केही नाही. मध्यम गर्दीच्या दिवसांत २०० वाढतात, मंदीच्या दिवसांत २०० उतरतात. कुठला दिवस कुठल्या गटात, हे रेल्वे कंपन्या आधी जाहीर करतात. त्या दिवसांत नोझोमीला विनाआरक्षण डबाच नसतो.

एकाच देशात, तीच माणसं, तोच ऑगस्ट. डिस्नीचा स्वस्त आणि महाग दिवस यांत ३८ टक्क्यांचा फरक आणि गावी नेणाऱ्या गाडीला सणाची वाढ तीन टक्क्यांच्या आत. इथल्या लोकांनी बसून असा सिद्धांत मांडला असं मी म्हणत नाही. रेल्वेच्या भाड्यावर सरकारचं नियंत्रण आहे आणि पार्कवर नाही, म्हणून हे असं झालंय. पण झालंय ते बरोबर झालंय. मौजेची तारीख पुढे ढकलता येते. सणाला घरी जायची तारीख पंचांग ठरवतं.

आता आपल्याकडे बघा. मी कणकवलीची. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सची सीट, जी एरवी हजाराच्या आत मिळते, ती माझ्या आत्तेभावाला गेल्या वर्षी अडीच हजारांना घ्यावी लागली. सकाळी ॲपवर दोन हजार दिसत होते, बायकोला विचारून परत उघडेपर्यंत अडीच झाले. राज्य सरकारने २०१८ मध्येच ठरवून दिलंय की खासगी बसवाल्याला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. नियम आहे, चांगला आहे. पण आत्तेभावाच्या हातात तिकीट आलं तेव्हा त्यावर एसटीचं भाडं किती, दीडपट किती, तक्रार कुठे करायची, यातलं काहीही छापलेलं नव्हतं. अशा वेळी सामान खाली उतरवून कोण वाद घालणार? दोन मुलं, आई आणि पूजेचं सामान घेऊन तो निघालेला.

आणि आपण आरडाओरडा कशावर करतो? एसटीच्या हंगामी भाडेवाढीवर. २०२५ च्या दिवाळीसाठी एसटीने १० टक्के वाढ जाहीर केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. त्या वर्षी मराठवाड्यात पुराने शेतं वाहून नेली होती, तेव्हा ती मागे घेणं योग्यच होतं. पण एरवीचं म्हणाल तर एसटीची ती १० टक्के वाढ सगळ्यात सरळ: आकडा ठरलेला, तारखा ठरलेल्या, सगळ्यांना सारखा. जादा गाड्या काढायला, चालक-वाहकांच्या ओव्हरटाइमला पैसे लागतात, आणि परतताना या गाड्या अर्ध्या रिकाम्या येतात. मला शिंकानसेनच्या ४०० येनच्या सगळ्यात जवळची वाटते ती हीच वाढ. तिच्यावर मथळे होतात आणि अडीचपट घेणारी ट्रॅव्हल्स ‘सीझन आहे’ या दोन शब्दांवर सुटते.

रेल्वेचंही सांगायला हवं. राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आलं. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढत जातं, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. यात हंगाम कुठे आहे? ज्याचं बोट ॲपवर जलद चालतं त्याला स्वस्त. ज्या आजोबांना नातवाला विचारून तिकीट काढावं लागतं त्यांना महाग. तारखेप्रमाणे आधी छापलेला भाव आणि डोळ्यांदेखत चढणारा भाव, या दोघांना मी एकाच नावाने कधीच हाक मारणार नाही.

चुलतभावाचं म्हणणं मात्र अजून उरतंच: पार्क मधल्या वारी स्वस्त आहे ना, मग मधल्या वारी जा. यावर माझं उत्तर त्याला रुचलं नाही, तरी तेच आहे. मधल्या वारी जाणार कोण? जपानमध्ये २०१९ पासून कायदा आहे की ज्यांना वर्षाला दहा किंवा जास्त भरपगारी रजा मिळतात, त्यांनी किमान पाच घेतल्याच पाहिजेत आणि ती जबाबदारी मालकाची. आइची प्रांताने २०२३ मध्ये त्याच्या पुढे जाऊन शाळकरी मुलांना वर्षातून तीन दिवसांपर्यंत आई-वडिलांबरोबर बाहेर जाण्यासाठी सुट्टी घेऊ दिली, आणि ती गैरहजेरी धरत नाहीत. आईला रविवारी दुकानात उभं राहावं लागत असेल, तर मूल तिच्या सुट्टीच्या बुधवारी तिच्याबरोबर जाऊ शकतं. स्वस्त बुधवारला तेव्हाच काही अर्थ असतो. दादरच्या कापडाच्या दुकानात सहा दिवस काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाला बुधवारची सवलत सांगून काय उपयोग? त्याला आठवड्यातून एकच दिवस मिळतो आणि मुलाच्या सुट्टीशी तो जुळेलच असंही नाही. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, या माणसापर्यंत तो पोचलेला नाही. टोकियोच्या पार्कने मुलांचं तिकीट महाग दिवशी थांबवलं तसं महाराष्ट्रातल्या पार्कांनी निदान रविवारी आणि मेमध्ये मुलांचा भाव मधल्या वाराचाच ठेवला तर मावसभावाची अर्धी तक्रार मिटेल. उरलेली अर्धी मी त्याच्या बाजूने लढायला तयार आहे, पण पार्कशी नाही, ट्रॅव्हल्सशी.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. गणपतीचं रेल्वे बुकिंग ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅव्हल्सवाल्याने आपलं त्या आठवड्याचं तारीखवार भाडं जाहीर करावं आणि मग ते बदलू नये, असा आदेश परिवहन खात्याने काढावा. ॲपवर सीट दाखवताना शेजारी त्या मार्गाचं एसटी भाडं आणि दीडपटीचा आकडा दिसलाच पाहिजे, आणि त्यावर गेलेली सीट ॲपने विकायलाच नको. यासाठी नवा कायदा लागत नाही, २०१८ चा नियम पुरेसा आहे. ग्रुपवर मी हे टाकलंय आणि दोघा भावांना सांगितलंय की कणकवलीच्या मंडळाचं परिवहन खात्याला द्यायचं निवेदन तुम्ही लिहा, मराठी मी तपासून देते, पण सही दोघांचीही हवी.