बहिर्मुख निघाली म्हणून क्लास बंद?

"अंतर्मुख मुलं ऑनलाइन चमकतात, बहिर्मुख मागे पडतात. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला शिकायचंच नसतं. स्वभाव जन्मजात, तो बदलत नाही. म्हणून आधी दहा मिनिटांची चाचणी घ्या, मगच फी भरा." हा मेसेज कधीचा फिरतोय. परवा ताईचा फोन आला: भाची चाचणीत 'बहिर्मुख' निघाली, तर तिचा ऑनलाइन क्लास बंद करू का? आता गप्प बसवत नाही.

पहिला दावा धडधडीत चुकीचा आहे. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये स्वभाव आणि अभ्यासातलं यश यांवरची ढीगभर संशोधनं एकत्र तपासली, एकूण विद्यार्थी ७० हजारांवर. बहिर्मुखतेचा गुणांशी संबंध जवळपास शून्य निघाला. सर्वांत ठळक संबंध दिसला तो कर्तव्यदक्षतेचा, म्हणजे हाती घेतलेलं काम नेटाने पुरं करण्याच्या सवयीचा. तोही ०.२२ च्या आसपास (पूर्ण संबंध असता तर १). गुणांमधल्या फरकाचा जेमतेम ५ टक्के भाग त्यातून उलगडतो. ही आकडेवारी फक्त ऑनलाइनची नाही, मान्य. घरी घंटा वाजत नाही, शेजारी कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे तिथे ही सवय जास्त लागते आणि बोलक्या मुलांना एकटं वाटतं, हेही मान्य. पण एकटं वाटणं म्हणजे शिकायची इच्छा नसणं नव्हे.

कॅमेऱ्याचं तर ऐकवतच नाही. भाचीचा कॅमेरा बंदच असतो, कारण तो लावला की आवाज तुटतो. मी एकदा तासभर तिच्या शेजारी बसलो. वहीच्या शेवटच्या पानावर तिने सात शंका लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे तासातली वेळ. सर्वांचे माइक बंद केलेले, विचारणार कशा? पुढच्या आठवड्यात सरांनी चार-चार जणांचे गट केले, तेव्हा तिने ओळीने चार शंका विचारल्या. स्वभाव तोच, मुलगी तीच. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आले: थोडी मोकळीक, 'मला जमतंय' ही जाणीव आणि आपुलकीची माणसं मिळाली की आतून ओढ लागते.

राहिला 'बदलत नाही' हा मुद्दा. स्वभाव वयानुसार बदलतो. कर्तव्यदक्षता तर विशीनंतरही वाढताना दिसते. चौदा वर्षांच्या पोरीवर दहा मिनिटांत कायमचा शिक्का कसला मारता?

ताई, फी भर. आणि सरांना एवढंच विचार, शेवटची दहा मिनिटं माइक उघडे ठेवता येतील का.