स्पार्टाने अथेन्सला हरवलं ते समुद्रात

ग्रीक इतिहासाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: "अथेन्सकडे आरमार होतं, स्पार्टाकडे पायदळ. 27 वर्षं झुंज चालली आणि शेवटी पायदळ जिंकलं. कारण समुद्रावर वल्ही मारणारे गुलाम होते, जमिनीवर लढणारे योद्धे. पुढेही पायदळावर सत्ता टिकली." सोबत ढाल-भाला घेतलेला स्पार्टन असतोच. युद्ध 27 वर्षं चाललं, इ.स.पू. 431 ते 404, एवढं खरं. बाकीचं तपासू.

"पायदळ जिंकलं." पहिल्या दहा वर्षांत या पायदळाने केलं काय? अटिकात, म्हणजे अथेन्सभोवतालच्या मुलखात शिरायचं, शेतं उजाड करायची आणि घरी परतायचं. सर्वांत लांबलेली स्वारी सुमारे 40 दिवसांची, 425 मधली तर अवघी 15 दिवसांची. अथेन्स आणि पायरियस बंदर यांना जोडणाऱ्या लांब तटांच्या आत लोक आसऱ्याला आले होते आणि धान्य समुद्रमार्गे येत होतं. तटाआडच्या दाटीत साथ पसरली, अथेन्सचा नेता पेरिक्लीसही तिनेच गेला, पण तरीही शहर पडलं नाही. उलट 425 मध्येच स्फॅक्टेरिया बेटावर जहाजांच्या वेढ्यात कोंडलेल्या स्पार्टाच्या सैन्यातले 292 जण जिवंत हाती लागले. पुन्हा अटिकात पाऊल टाकलंत तर यांना मारू, असं अथेन्सने बजावल्यावर त्या स्वाऱ्याच थांबल्या. ज्या पायदळाचे गोडवे गायले जातात, त्याला ही वेसण आरमाराने घातली.

जमिनीवरचा एक डाव मात्र खरोखर जिव्हारी लागला, तो नाकारणं अन्यायाचं होईल. 413 मध्ये स्पार्टाने अटिकातल्या डिसीलियाला कायमचं ठाणं बसवलं. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, 20,000 हून अधिक गुलाम अथेन्स सोडून पळाले. त्याच वर्षी सिसिलीत अथेन्सचं आरमार आणि सैन्य दोन्ही बुडालं. तरीही अथेन्स आणखी नऊ वर्षं लढलं, कारण हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राकडचं धान्य येत राहिलं.

"वल्ही मारणारे गुलाम." एका त्रिस्तरीय युद्धनौकेवर 170 वल्हेकरी असत. गुलाम अगदीच नसत असं नाही, पण मुख्य भरणा गरीब नागरिकांचा आणि रोजावर आलेल्या परक्या खलाशांचा. म्हणूनच मजुरी किती मिळते, याला लढाईइतकं महत्त्व होतं आणि स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याने ते नेमकं ओळखलं. 407 मध्ये इराणचा राजपुत्र सायरस याने मेजवानीत त्याला विचारलं, तुला काय हवं? लायसँडरने मागितलं, प्रत्येक खलाशाला एक ओबोल (ग्रीक नाणं) वाढीव. दिवसाची मजुरी 3 वरून 4 ओबोल झाली. स्पार्टाचं आरमार उभं राहिलं ते या इराणी पैशावर. 406 मध्ये आर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सने ते हरवलं, तरी त्याच पैशातून नवी जहाजं आली.

मग 405, हेलेस्पाँटच्या काठावरचं एगॉस्पोटामी. अथेन्सची जहाजं बंदर नसलेल्या उघड्या किनाऱ्यावर लागलेली आणि बाजारहाटासाठी माणसं लांब पांगायची. समोर लॅम्प्सॅकसला लायसँडर चार दिवस नुसता पाहत बसला. पाचव्या दिवशी अथेन्सचे खलाशी किनाऱ्यावर विखुरताच त्याच्या टेहळणीच्या नौकेवरून ढाल उंच करून खूण झाली आणि त्याचं आरमार तुटून पडलं. सुमारे 180 जहाजांपैकी जवळजवळ सगळी त्याच्या हाती पडली, बरीचशी किनाऱ्यावर रिकामीच. सामुद्रधुनी गेली, धान्य थांबलं, पायरियसची नाकेबंदी झाली. 404 मध्ये अथेन्स उपाशीपोटी शरण आलं. तहात त्याला फक्त 12 जहाजं ठेवू दिली. खरा धोका जमिनीवरच्या सैन्याचा असता, तर स्पार्टाने जहाजांवर एवढा कटाक्ष कशाला ठेवला असता?

"पायदळावर सत्ता टिकली" हेही पाहू. एगॉस्पोटामीतून मोजक्या जहाजांनिशी निसटलेला अथेन्सचा सेनापती कोनॉन इराणी आरमारासह परतला. 394 मध्ये क्निडसला त्याने स्पार्टाचं आरमार बुडवलं आणि इराणी पैशातूनच अथेन्सचे लांब तट पुन्हा उभे केले. स्पार्टाची समुद्रावरची सत्ता तिथेच संपली. पायदळाचा दबदबा 371 मध्ये ल्यूक्ट्राला थेबेसने मोडला, तोही जमिनीवरच.