बटणं नसलेला माणूस

हाताने चित्रं काढून एका मिनिटाची फिल्म करायची म्हटलं की पहिली गाठ पेन्सिलीशी नाही, गुणाकाराशी पडते. सेकंदाला 24 फ्रेम. एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, हा या कामातला जुना आणि सर्वमान्य कामचुकारपणा. तो केला तरी सेकंदाला 12 आणि मिनिटाला 720 चित्रं होतात. नायकाच्या शर्टाला हौसेनं पाच बटणं लावलीत, तर ती झाली 3600. म्हणून माझ्या नायकाला बटणं नाहीत, खिसा नाही, घड्याळ नाही आणि प्रत्येक हाताला बोटं चारच. दोन हातांची मिळून 1440 बोटं वाचतात. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट काढणाऱ्यांसाठी मी फक्त प्रार्थना करू शकतो.

पटकथेत नुसतं लिहिलेलं असतं, ‘तो खुर्चीतून उठतो.’ लिहिणाऱ्याचं काय जातं! उठायला दीड सेकंद धरला तरी 18 चित्रं. आधी मुख्य पोझ: बसलेला, पुढे वाकलेला, उभा. मधलं वाकणं गाळलंत तर तो उठत नाही, लिफ्टनं वर येतो. मग समासात शिडीसारख्या खुणा करून मधल्या चित्रांची अंतरं ठरवायची. सुरुवातीला आणि शेवटी खुणा दाट, मध्ये विरळ. सगळ्या सारख्या अंतरावर मारल्या की माणसाचा सरकता जिना होतो.

मधली चित्रं म्हणजे इन-बिट्वीन. दिसायला काम सोपं: खालून उजेड येणाऱ्या लाइटबॉक्सवर मागचं-पुढचं चित्र ठेवायचं, वर कोरा कागद आणि दोन रेघांच्या मधोमध तिसरी. प्रत्यक्षात हात नेहमी रेघेच्या आतल्या अंगानं जातो. एका चित्रात केसाएवढा फरक, पण आठव्या चित्रापर्यंत नायकाच्या डोक्याचं लिंबू झालेलं असतं. उपाय एकच. मूळ मापाचं डोकं वेगळ्या कागदावर काढून ठेवायचं आणि प्रत्येक चित्राखाली सरकवून पडताळायचं. मान वळताना तर मधोमध रेघ काढणं हाच गुन्हा. नाकाचं टोक कमानीत फिरायला हवं, नाहीतर चेहऱ्यावर इस्त्री फिरते.

हे सगळं पेगबारच्या, म्हणजे भोकं पाडलेले कागद एकावर एक नेमके बसवणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीच्या भरवशावर चालतं. मध्ये एक गोल खुंटी, दोन्ही बाजूंना दोन चपट्या. कागद सतत काढ-घाल करून भोकं सैल होतात आणि पडद्यावर नायकाला हुडहुडी भरते. भोकांवर आधीच चिकटपट्टी लावावी आणि पंचमध्ये एका वेळी चार-पाचच कागद घालावेत. गठ्ठा घातला की खालचे सरकतात. हे ज्ञान साधारण तीनशेव्या चित्रापाशी प्राप्त होतं.

नायक नुसता उभा असेल तर सुटका? छे! एकच चित्र धरून ठेवलं की तो मेल्यासारखा दिसतो. म्हणून तेच चित्र तीनदा गिरवून आलटूनपालटून वापरायचं, म्हणजे रेघ थोडी थरथरते. काहीही न करण्यासाठी तीन चित्रं! आणि तो बोलला तर शाळेतले ओष्ठ्य वर्ण आठवावे लागतात. प, ब, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, तेही आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी. इथे मूकपटांबद्दलचा आदर वाढतो.

शेवटी कॅमेरा. तो वरून पक्का बांधायचा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, काहीही ऑटोवर ठेवायचं नाही. खिडकी बंद, नाहीतर प्रत्येक ढगाची पडद्यावर नोंद होते. दोन दिवे दोन बाजूंनी 45 अंशांत, कागदावर सपाट काच, आणि काचेत कॅमेऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून लेन्सपुरतं भोक पाडलेला काळा पुठ्ठा. एवढं करूनही फिल्म लुकलुकते. कारण पांढरा शर्ट घालून मी कागद बदलायला वाकतो, आणि मी किती मागे सरकलो त्यावर कागदावरचा उजेड ठरतो. बटणं नायकाची काढली. शर्ट माझा काळा हवा होता.

आणि 720 कागदांत एक तरी हरवतोच. समजा 47. अंक सगळ्यांवर घातलेले असतात, म्हणून तो हरवल्याचं निदान कळतं. हालचाल वेगाची असेल तर झटका दिसतो आणि 47 पुन्हा काढावं लागतं. संथ असेल तर 46 चार फ्रेम धरायचं. पडद्यावर काहीही कळत नाही. मग 47 काढलंच कशाला होतं, हा प्रश्न मी विचारत नाही. कारण लगेच त्यामागे 45 येऊन उभं राहतं.