३३० नंबरचा खेकडा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात ती यादी पुन्हा अवतरली. ‘पुण्यातल्या एका नामांकित कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा इशारा’ असा मथळा, खाली खाण्याच्या पाकिटांवर घटकांत छापलेले आकडे आणि प्रत्येकासमोर लाल ठिपका. ३३० सगळ्यात घातक, कॅन्सर होतो. १०२, २११, ६२१ हेही विषच. उंदरांवर सिद्ध झालंय, परदेशात बंदी आहे, आपले शास्त्रज्ञ कंपन्यांचे मिंधे आहेत. पाकिटातलं सोडा, हलवायाकडचं ताजं, सुटं घ्या. पाच ग्रुपवर पाठवा.

संध्याकाळी शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. “अगं, तू त्या उंदरांच्या लॅबमध्ये होतीस ना? खरंय का हे?”

होते. सत्तावीस वर्षं हेच केलं. अन्नात घालायचे रंग, टिकवायची रसायनं, गोडी आणणाऱ्या पावडरी उंदरांना खाऊ घालायच्या आणि काय बिघडतं ते बघायचं. तेव्हा काकूंना चहासोबत जे सांगितलं, ते जरा नीट लिहून काढते.

‘आकडा दिसला की विष.’ आकडा हे फक्त नाव आहे. रसायनांची नावं लांबलचक आणि देशागणिक वेगळी, म्हणून अन्नाचे जागतिक निकष ठरवणाऱ्या कोडेक्स या संस्थेने प्रत्येकाला एक क्रमांक दिला. १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, २६० म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, ५०० म्हणजे ढोकळ्यातला सोडा. ऑक्सिजनलाही आकडा आहे, ९४८. युरोपात आकड्याआधी ‘ई’ लागतो, तो मात्र तिथल्या तपासणीतून पार पडल्यावरच. नंतर शंका आली तर परवानगी काढूनही घेतात. ते पुढे येईलच.

‘३३० सगळ्यात घातक.’ इथे मला हसू आवरलं नाही, कारण ही यादी माझ्या ओळखीची आहे. वयाने माझ्या नोकरीपेक्षा मोठी. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये असंच एक टाइप केलेलं पत्रक हातोहात फिरू लागलं. पॅरिसजवळच्या विलज्वीफ गावातल्या कॅन्सर हॉस्पिटलचं म्हणून ते खपवलं गेलं. हॉस्पिटलने जाहीर सांगितलं की आमचा याच्याशी काही संबंध नाही. तरी पत्रक दहा वर्षांहून जास्त काळ युरोपभर झेरॉक्स होत राहिलं, शाळांत वाटलं गेलं. त्यातही सर्वात धोकादायक म्हणून ३३० च होता.

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबाच्या रसात ते साधारण पाच टक्के असतं. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ऊर्जा मिळवताना ते क्षणोक्षणी तयार करते आणि मोडते. ही साखळी १९३७ मध्ये हान्स क्रेब्स यांनी उलगडली, म्हणून तिला क्रेब्स चक्र म्हणतात. आता गंमत बघा. जर्मनमध्ये ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा, आणि कॅन्सरलाही तोच शब्द. आपल्या ‘कर्करोगा’त हाच कर्क बसलाय. पत्रक लिहिणाऱ्याने कुठेतरी ‘सायट्रिक आम्ल, क्रेब्स’ असं वाचलं असावं आणि शास्त्रज्ञाचं आडनाव रोगाचं समजला असावा, असं स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटतं. तेच पत्रक आता हॉस्पिटल बदलून पुण्यात आलंय. लिंबू सरबताला मात्र अजून कुणी घाबरत नाही.

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ हा माझा प्रांत, त्यामुळे जरा थांबते.

नव्वद दिवसांच्या नेहमीच्या चाचणीत चार गट असतात. एक नुसतं खाणं खाणारा, तीन वाढत्या मात्रेचे. प्रत्येक गटात दहा नर, दहा माद्या, म्हणजे ऐंशी उंदीर. नेमाने वजन करायचं, किती खाल्लं ते मोजायचं, शेवटी यकृत, मूत्रपिंड, मेंदू सगळं तपासायचं. सर्वात वरच्या मात्रेला काहीतरी बिघाड दिसावा अशीच ती मात्रा मुद्दाम निवडलेली असते. बिघाड कुठे सुरू होतो हे कळल्याशिवाय कुठवर होत नाही ते कळणार कसं? म्हणजे ‘उंदराला त्रास झाला’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पदार्थाबद्दल खरं ठरू शकतं, मिठाबद्दलसुद्धा.

आम्ही शोधतो तो आकडा खालचा. कोणत्या मात्रेपर्यंत काहीच झालं नाही? तिला शंभरने भागायचं: उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. ही शंभरपटीची रीत अमेरिकेतल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये मांडली. उंदराला वजनाच्या किलोमागे रोज ५०० मिलिग्रॅम निर्धोक ठरलं, तर माणसाला किलोमागे जन्मभर रोज ५.

आणि उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात नर उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या, म्हणून साखरेऐवजी वापरायचं सॅकरिन बदनाम झालं. त्यांच्या खाण्यात सॅकरिन होतं पाच टक्के; शंभर घासांतले पाच घास सॅकरिनचे म्हणा. पुढे कळलं की नर उंदराच्या लघवीत प्रथिनं आणि क्षार मुळातच जास्त. एवढ्या सॅकरिनने त्यांचे खडे बनतात, ते मूत्राशयाला टोचत राहतात. माणसात तसं होत नाही. २००० मध्ये अमेरिकेने इशाऱ्याचं लेबल काढलं. ६२१ म्हणजे अजिनोमोटोची गतही थोडी तशीच. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या कातडीखाली ते भरमसाट टोचलं, तेव्हा मेंदूला इजा दिसली. टोचलं होतं, शेवयांतून खाऊ घातलं नव्हतं. तरी तान्ह्या बाळांच्या खाण्यात ते आपल्याकडे चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

‘परदेशात बंदी.’ कुठल्या परदेशात? सायक्लामेट, हीही गोडी आणणारी पावडर, अमेरिकेत १९६९ पासून बंद, युरोपात चालतं. १७१, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग, युरोपाने २०२२ मध्ये बंद केलं. अमेरिकेने तसं केलं नाही. १०२ हा पिवळा रंग युरोपात बंद नाही, पण २००७ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासानंतर तिथे २०१० पासून ‘मुलांच्या चंचलपणावर परिणाम होऊ शकतो’ असं छापावं लागतं. आपल्याकडेही तसं छापावं, असं माझं मत आहे. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट मात्र युरोपाने १९९० मध्येच काढलं आणि आपण २०१६ पर्यंत खात बसलो. इथे फॉरवर्डवाल्यांचा राग रास्त आहे. नेमकं तेच त्यांच्या यादीत नाही.

‘शास्त्रज्ञ मिंधे.’ झोंबलं, पण उडवून लावणार नाही. चाचणीचा खर्च बहुतेक वेळा कंपनीच करते, हे खरं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी लॅब होती. तिथे मेलेल्या उंदरांच्या जागी नवे ठेवून आकडे पुढे लिहीत. नोंदवहीत ‘टीबीडी’ अशी अक्षरं सापडली. अर्थ निघाला: ‘टू बॅडली डीकंपोज्ड’, इतका कुजला की तपासताच येईना. १९८३ मध्ये तिथल्या लोकांवर गुन्हा सिद्ध झाला. त्या घोटाळ्यातून जीएलपीचे, म्हणजे लॅबमधल्या कामाच्या आणि नोंदींच्या शिस्तीचे, नियम आले आणि माझी सगळी नोकरी त्यांच्या धाकात गेली. व्हाइटनर लॅबच्या दाराच्या आत आणायचा नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण, सही, तारीख. एकदा मी २१४ ग्रॅमऐवजी २४१ लिहिलं. सहा वर्षांनी तपासनीसाने ती रेघ दाखवून विचारलं, “हे कसं?” घाम फुटला होता. अजूनही किराणाच्या यादीत खोडताना मी सही करते, घरचे हसतात.

राहता राहिला शेवटचा सल्ला, ‘हलवायाकडचं सुटं घ्या.’ सगळ्या फॉरवर्डमध्ये खरा धोका असेल तर या ओळीत. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगाला आपल्याकडे मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मिठाई पिवळी करायला चोरून घालतात त्या मेटॅनिल यलोला मर्यादाच नाही, कारण तो खायचा रंगच नाही, कापड-कातड्यासाठीचा आहे. त्याला आकडाही नाही. उंदरांत त्याने वृषणं आणि मज्जासंस्था बिघडल्याचं दिसलंय. एका पंधरा ऑगस्टला, जिलेबीच्या रांगा लागतात तेव्हा, आमच्या लॅबमधल्या मुलांनी गंमत म्हणून उपनगरातल्या एका दुकानातली जिलेबी आणली. कोमट पाण्यात चुरली, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. पिवळं पाणी क्षणात जास्वंदीसारखं गुलाबी झालं, ही मेटॅनिल यलोची खूण. उरलेल्या जिलेब्या कुणी खाल्ल्या नाहीत.

काकूंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “म्हणजे पाकिटाचं खुशाल खाऊ?”

त्यांच्या नातवाला दमा आहे. मी म्हटलं, तो सुकामेवा खातो तो दाखवा. त्यांनी जर्दाळूचं पाकीट आणलं. केशरी, चकचकीत, मऊ. गंधकाचा धूर न दिलेला जर्दाळू असा दिसत नाही, तो तपकिरी पडतो. मागे बारीक अक्षरात २२०, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. दम्याच्या काही पेशंटना त्याने धाप लागते. काकूंनी चष्मा लावून आधी पाकीट पाहिलं, मग फोनवरची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. २२० त्यात नव्हता.