‘निम्म्या मुलांना वाचता येत नाही’: तो आकडा आपल्या शाळांचा नाहीच

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: महापालिकेच्या शाळांत पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, नापास करत नाहीत म्हणून ही गत, शिक्षक बसून पगार खातात, ऐपत असलेला एकही पालक तिकडे फिरकत नाही, तेव्हा शाळा बंद करा आणि पैसे थेट पालकांच्या खात्यात टाका. खाली सही, ‘एक करदाता’. करदाता मीही आहे.

आधी तो निम्म्याचा आकडा. पाचवीच्या मुलापुढे दुसरीचा उतारा ठेवायचा, ही पद्धत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ पाहणीची. देशभरात पाचवीची ५०.५ टक्के मुलं २०१८ साली असा उतारा वाचू शकत होती. कोविडनंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्के. आकडे खरे आहेत आणि झोप उडवणारे आहेत. पण असरची माणसं खेड्यांत घरोघरी जातात, शहर त्या पाहणीत येतच नाही. अहवालात ‘ठाणे’ दिसलंच तर ते शहापूर-मुरबाडकडचं. नवी मुंबईतल्या दिघा-तुर्भ्याच्या किंवा ठाण्यातल्या कळवा-वागळे इस्टेटच्या एकाही पोराचं वाचन असरच्या त्या आकड्यात नाही. वर त्या टक्केवारीत खासगी शाळांतली मुलंही धरलेली असतात! म्हणजे देशभरातल्या खेड्यांतल्या सगळ्या प्रकारच्या शाळांचा आकडा उचलला आणि आपल्या पालिकेच्या नावावर टाकला. मुलांना किती येतं हे तपासणारी केंद्राची ‘नॅस’ (२०२१) आणि ‘परख’ (डिसेंबर २०२४) सर्वेक्षणं शहरातही झाली, पण त्यांचा नमुना जिल्ह्याचा. त्यावरून एका महापालिकेच्या शाळांचा न्यायनिवाडा होत नाही.

नापास न करण्याचं म्हणाल, तर शिक्षणहक्क कायद्याचा तो नियम खासगी शाळांनाही तसाच लागू होता. शिवाय २०१९ मध्ये कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, फेरपरीक्षा आहे आणि त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. मजकूर लिहिणाऱ्याला हे कळलेलं दिसत नाही.

शिक्षकांबद्दल फार ताणत नाही. कामचुकार शिक्षक असतात, ते सगळ्याच शाळांत असतात. पण मतदार यादीचं काम घेऊन तुमच्याच दारात कोण येतं, ते एकदा आठवा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती या कामांना शिक्षक जुंपायची मुभा खुद्द शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने दिली आहे. त्या दिवसांत वर्ग कोण घेतं, हे विचारायचं असेल तर शिक्षकाला नको, आयुक्तांना विचारा.

आता खरा मुद्दा, जो मजकुरात नाहीच. या शाळांत येतं कोण? दगडखाणीवरच्या, नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्या, इमारतीच्या साइटवर राहणाऱ्या माणसांची मुलं. काम संपलं की बिऱ्हाड हलतं. दिवाळीनंतर एखादं मूल येतं, आधीच्या शाळेचा दाखला नाही, घरी बोलतात बंजारा किंवा भोजपुरी, वय दहा, अक्षरओळख जेमतेम. कायद्याने त्याला वयाप्रमाणे पाचवीत बसवायचं, दाखला नाही किंवा मुदत टळली म्हणून परत पाठवायचं नाही. खासगी शाळा ‘सीट्स फुल’ म्हणून मोकळी होते. मग एप्रिलमध्ये या मुलाला आणि नर्सरीपासून एकाच शाळेत वाढलेल्या, संध्याकाळी शिकवणीला जाणाऱ्या मुलाला एकच उतारा द्यायचा, आणि फरक निघाला की म्हणायचं शाळा वाईट. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, शिकवणी यांचा हिशेब घातला की सरकारी-खासगीतलं अंतर बरंच आटतं, हे असरच्याच अहवालांतून पुढे आलेलं आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने तेवढं पान वगळलं.

पालक फिरकत नाहीत? पालिकेच्या सीवूड्स आणि कोपरखैरणेच्या सीबीएसई शाळांच्या प्रवेशाला सोडत काढावी लागली आहे. यातून शाळा उत्तम ठरते असं नाही, पालकांना इंग्रजी माध्यम हवंय एवढं नक्की ठरतं. पण ‘एकही’ हा शब्द तरी मागे घ्या.

पैसे पालकांना देण्याची कल्पना मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षं त्यांचा मागोवा घेतला. तेलुगू आणि गणितात खासगीत गेलेली मुलं पुढे निघाली नाहीत, हिंदीत निघाली. आणि खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या साधारण एक तृतीयांश होता. ही शेवटची गोष्ट पालिकेच्या शाळांची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांना टोचणारी आहे, लपवण्यात अर्थ नाही. अभ्यास खेड्यांतला आहे, तेव्हा वरचा माझाच आक्षेप इथेही लागतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा, ज्यांचे पैसे सरकार शाळेला देतं. शाळा थकबाकीची ओरड करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारनेच, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला. पैसे आले तरी दार उघडेलच, याची हमी कोण देणार?

पालिकेला धारेवर धरायचंच असेल तर त्यासाठी आकडे तिच्याच हातात आहेत. राज्याची पायाभूत चाचणी वर्षाच्या सुरुवातीला होते, संकलित मूल्यमापन एप्रिलमध्ये. भाषा, गणित, इंग्रजी. गुण ऑनलाइन भरले जातात. नावं झाकून, शाळावार, त्याच मुलाचे आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी शेजारी छापा, आणि वर्षाच्या मध्यात आलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा, अशी मागणी ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पालिकांच्या शिक्षण विभागांकडे लेखी करा. त्या अर्जावर मीही सही करीन.